भोंगा सर्वांना, गेट कुणाला?

कारखाना आला की जात जाते, असं सांगणाऱ्यांची आपल्या देशात एक मोठी पंगत बसलेली आहे. या पंगतीत सूटबूटवाला साहेब बसतो, लाल पुस्तकवाला पुढारी बसतो आणि अलीकडे आपल्यातलाही एखादा शहाणा ताट सरकवून बसतो. साहेब म्हणतो, उत्पादन वाढू द्या, देश श्रीमंत होऊ द्या, जातपात आपोआप विरघळेल. पुढारी म्हणतो, सगळे कामगार एक झाले की जात उरतेच कुठं? आपला शहाणा म्हणतो, सोडा ते रडगाणं, स्वतःच मालक व्हा. तिघांची तोंडं तीन दिशांना. पण कारखान्याच्या गेटवर काय होतं, हे तिघंही झाकून ठेवतात.

मित्रांनो, आपल्याला त्या गेटबद्दलच बोलायचं आहे.

कळंबला भोंगा ऐकू येत नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरचं, आंबेगाव तालुक्यातलं हे गाव. वरच्या अंगाला नारायणगाव, खालच्या अंगाला मंचर, मग खेड, चाकण, मोशी, भोसरी. गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं कारखानदारी पुण्याकडून या रस्त्यानं वर सरकत आली. आधी खडकी, मग पिंपरी, आकुर्डी, भोसरी, मग चाकण. आणि आमच्याकडची माणसं पोटासाठी खाली सरकत गेली. आधी मुंबईच्या गिरणीत, मग पिंपरीत, आता चाकणला. कारखाना आणि माणूस यांची गाठ पडते ती गेटवर. तेव्हा सवाल सरळ आहे. एवढ्या वर्षांत हे गेट कुणाला उघडलं? कशामुळं उघडलं? आणि पुन्हा बंद कुणी केलं?

बाबासाहेबांना यंत्र का हवं होतं

आपल्यातली काही मंडळी कारखान्याचं नाव काढलं की नाक मुरडतात. त्यांना गाव प्यारं झालंय, माती प्यारी झालीय. मातीचं कौतुक त्यानं करावं ज्याच्या नावावर सातबारा आहे. ज्याच्या वाट्याला त्याच मातीतलं मेलेलं ढोर ओढणं आलं, त्यानं कशाचं कौतुक करायचं?

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान शेतीवर निबंध लिहिला. वय वर्षं सत्तावीस. त्या काळचे अर्थपंडित घोकत होते की शेतीचे तुकडे जोडा, म्हणजे दारिद्र्य जाईल. बाबासाहेबांनी दुखण्याचं मूळ दाखवलं. जमिनीवर माणसं जास्त झालीत, आणि त्यांना दुसरं काम नाही. हे जादा हात कारखान्यात जाऊ द्या, मग शेतीही सुधारेल. देशानं कारखानदारी उभी करावी हे त्यांचं म्हणणं तेव्हापासूनचं.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. महायुद्ध चालू होतं आणि युद्ध संपल्यावर देश कसा उभा करायचा याच्या समित्या बसल्या होत्या. २५ ऑक्टोबर १९४३ ला विजेच्या धोरण समितीपुढं बोलताना बाबासाहेबांनी मांडलं की वीज स्वस्त पाहिजे, भरपूर पाहिजे, आणि ती नफेखोराच्या ताब्यात नको, सरकारच्या ताब्यात पाहिजे. कारण विजेशिवाय कारखाना नाही आणि कारखान्याशिवाय या देशातला गरीब दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटत नाही. कामाचे आठ तास, रोजगार केंद्रं, कामगारांना तांत्रिक शिक्षण, या गोष्टी त्याच कारकिर्दीत पुढं सरकल्या. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीनं त्यांनी घटना समितीला जे निवेदन दिलं, त्यात तर साफ लिहिलं की देशाचे कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, राज्यानंच ते चालवावेत. शेतीसुद्धा राज्याचा उद्योग असावा.

नीट ध्यानात घ्या. बाबासाहेबांनी कारखाना मागितला, पण मोकळा सोडलेला कारखाना मागितला नाही. एका हातानं यंत्र, दुसऱ्या हातानं कायदा. गेटवर पाटील नको, सावकार नको, शेटजी नको. गेटवर राज्यघटना उभी पाहिजे. ज्यांनी आपल्याला कारखाना दिला त्यांनी हा दुसरा हात पाठीमागं लपवला. आमचं सगळं भांडण या लपवलेल्या हाताशी आहे.

तेजी आली

दुसरं महायुद्ध १९४५ ला संपलं. त्याआधी वर्षभर, १९४४ साली, टाटा-बिर्लांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी आपली मुंबई योजना छापून ठेवली होती. शेटजींनासुद्धा ठाऊक होतं की रेल्वे, वीज, पोलाद उभं करायला सरकारचाच पैसा लागणार. १९४६ ला पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. १९५४ ला पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत घेऊन, आणि १९५५ पासून तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पिंपरी तोवर एक खेडं होतं. मग १९५६ ची दुसरी पंचवार्षिक योजना आली, भिलाई-रूरकेला-दुर्गापूरच्या भट्ट्या पेटल्या. १९५१ ते १९६५ या काळात देशातलं औद्योगिक उत्पादन वर्षाला सरासरी सात टक्क्यांच्या आसपास वाढत राहिलं. १९६१ ला भारत फोर्ज. १९६२ ला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपल्या तोंडातलं एमआयडीसी. पाठोपाठ आकुर्डीला बजाजची स्कूटर, पिंपरी-चिंचवडला टेल्कोची मोटार. भोसरीत शेकडो छोटे वर्कशॉप. १९७० ला पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ ला महानगरपालिका. खेड्यांचं शहर झालं, आणि तेही आपल्या बापजाद्यांच्या डोळ्यांदेखत.

या पट्ट्यात १९५४ सालाची आणखी एक खूण आहे. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. एका बाजूला लष्कराचे डेपो आणि दारूगोळ्याचे कारखाने, दुसऱ्या बाजूला पिंपरीचा नवा औषध कारखाना, आणि मधे बुद्ध. धम्माची वाट कामगार वस्तीतून गेलेली आहे हे विसरू नका.

गावाकडं काय चाललं होतं? येसकराची पाळी चालू होती. सांगावा पोचवणं, सरकारी दप्तर डोक्यावरून वाहणं, वेशीत रात्र जागवणं, आणि मोबदल्यात भाकरतुकडा. १९५८ साली वतनं रद्द करणारा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून तो लागू झाला. गुलामीचा कागद फाटला, चांगलं झालं. पण फाटलेल्या कागदाच्या बदल्यात पोटाला काय? आमच्या बापांनी बोचकं उचललं आणि पिंपरीची वाट धरली.

यंत्राला सुतक लागत नाही

लोखंडाला विटाळ होत नाही. लेथ मशीन कुणाचाही हात ओळखत नाही. हे खरं आहे. म्हणून साहेब म्हणतो, बघा, यंत्रानं जात मोडली. पण माणूस यंत्रापर्यंत उडत येत नाही. त्याला कुणीतरी आत घेतं, कुणीतरी खातं नेमून देतं, कुणीतरी बढती देतं. या प्रत्येक ठिकाणी एक माणूस बसलेला असतो, आणि त्या माणसाला जात असते.

मुंबईच्या गिरण्या आठवा. आपल्या तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू गिरणी कामगारच होता. १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाची लॉरी अडवताना तो तिच्याखाली गेला. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण ज्या स्वदेशी गिरण्यांचं कापड विकलं जावं म्हणून माणसं लॉरीखाली जात होती, त्या गिरण्यांच्या आत काय होतं? अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यात दोरा भरताना तो तोंडानं ओढावा लागे. महाराचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार हातात कसा धरणार? विणकाम खात्यात पगार जास्त, म्हणून ते त्यांचं. आपली माणसं कमी पगाराच्या खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर ठेवला. भांडवलशाहीविरुद्ध गर्जना करणाऱ्या त्या पुढाऱ्यांना धोट्यातला विटाळ तोवर दिसला नव्हता.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी रेल्वेतला प्रकार उघडा केला. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टर करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तर घरचं काम सांगतो, आणि महाराचा हात मास्तरच्या घरात चालत नाही. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी त्याच मनमाडला सांगितलं. लक्षात घ्या, रेल्वे म्हणजे त्या काळचं सगळ्यात मोठं यंत्र. हजारो मैल रूळ टाकणाऱ्या त्या यंत्रानं स्टेशन मास्तरच्या स्वैपाकघराचा उंबरठा ओलांडला नाही.

मग पिंपरीत काय वेगळं झालं? वेगळं झालं ते सरकारी कारखान्यात. तिथं भरतीची जाहिरात निघे, रोजगार केंद्रातून नावं जात, राखीव जागांची नोंदवही असे. कुणाचा भाचा, कुणाचा गाववाला हे विचारण्याआधी नोंदवही विचारावी लागे. खडकी-देहूरोडचे लष्करी कारखाने, पिंपरीची औषध कंपनी, रेल्वे, टपाल, एसटी. आज आपल्यातल्या ज्यांच्या घरात दुसरी-तिसरी पिढी शिकलेली दिसते, त्यांच्या आजोबाच्या हातात बहुतेक वेळा अशाच एखाद्या ठिकाणचा बिल्ला होता. महिन्याच्या महिन्याला पगार, फंड, आजारपणाची रजा, क्वार्टर. त्या पगारातून पोरं शाळेत गेली, त्याच पगारातून विहार बांधले, चळवळीची वर्गणी दिली. हा चमत्कार यंत्रानं केला नाही. यंत्रं तर खाजगीतही तीच होती. हे केलं गेटवरच्या नोंदवहीनं.

खाजगी गेटवर नोंदवही नव्हती. तिथं ओळख होती. आधी लागलेला माणूस आपल्या भावकीतल्या पोराला आणणार, सुपरवायझर आपल्या गाववाल्याला आणणार. आपल्यातला लागलाच तर बऱ्याचदा फौंड्रीत, भट्टीपाशी, रंगाच्या बूथमध्ये, नाहीतर झाडू घेऊन. अंगावरची कातडी जळते ते काम आपलं, आणि ऑफिसात पंख्याखालचं काम त्यांचं. त्यात आपल्या बायांना तर गेटच नाही. त्यांना गेटबाहेर खुरपं, किंवा आत फडकं.

जपानची गोष्ट

आता म्हणाल, हे आपल्याच मागासलेल्या देशात. पुढारलेल्या देशात तेजी आली की भेद पुसला जातो. तर मग जपानकडं बघू. महायुद्धात जपान बेचिराख झालं. नंतर असं उठलं की १९५५ ते १९७३ दरवर्षी दहा टक्क्यांच्या आसपास वाढत गेलं आणि १९६८ ला पश्चिम जर्मनीला मागं टाकून अमेरिकेच्या गटातली दुसऱ्या नंबरची अर्थव्यवस्था झालं. मोटारी, जहाजं, रेडिओ, कॅमेरे. आपले साहेब लोक आजही त्या जपानची आरती ओवाळतात.

त्या जपानात बुराकु नावाचे लोक आहेत. वेगळ्या वंशाचे नाहीत, वेगळ्या भाषेचे नाहीत. मेलेली जनावरं ओढणं, कातडं कमावणं ही कामं पिढ्यान्पिढ्या त्यांच्यावर लादलेली, आणि म्हणून ते विटाळाचे. ओळखीचं वाटतं ना? १८७१ साली सरकारनं फर्मान काढून त्यांचा हीन दर्जा रद्द केला. १९२२ साली त्यांनी आपली संघटना काढली, सुईहेशा. आपल्या महाडच्या सत्याग्रहाआधी पाच वर्षं. मग युद्ध झालं, तेजी आली, कारखान्यांना माणसं कमी पडू लागली. साहेबांच्या हिशेबानं भेद केव्हाच मरायला पाहिजे होता.

१९७५ साली ओसाकात भांडं फुटलं. बुराकु वस्त्यांच्या गावांची नावं आणि पत्ते छापलेली एक गुप्त यादी बाजारात विकली जात होती. आणि विकत कोण घेत होतं? कंपन्या. दोनशेहून जास्त कंपन्या, त्यात नावाजलेल्या. कशासाठी? नोकरीला आलेला पोरगा कुठल्या गावचा, कुठल्या वस्तीतला हे ताडून बघायला, आणि बुराकु निघाला तर बाहेर काढायला.

युद्ध संपून तीस वर्षं झाली होती तेव्हा. कारखाने जगात एक नंबरचे होते. आणि मालक पैसे मोजून गावकुसाबाहेरची यादी विकत घेत होता! यंत्र जितकं नवं, तितकी यादी पक्की.

आपल्याकडं अशी यादी छापावी लागत नाही. ती प्रत्येकाच्या डोक्यात आहे. आडनाव सांगितलं की काम झालं. गायकवाड, जाधव, शिंदे अशा आडनावांवरून कळत नसेल तर पुढचा सवाल तयार असतो. गाव कुठलं? गावात कुठल्या बाजूला? शेजारी कोण? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत पाहिजे. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, लायकी सारखी, फरक नुसत्या नावाचा. उच्चवर्णीय नावाच्या मानानं दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशानं कमी निघाली. मुलाखत तर पुढची गोष्ट. नुसत्या लिफाफ्यावर विटाळ!

गावगाडा गेटवर आला

आता आजचं बघा. नव्वदीनंतर पिंपरीचा सरकारी औषध कारखाना आजारी पडला, पगार थकले. आकुर्डीतलं बजाजचं उत्पादन २००७ साली थांबलं. कारखानदारी चाकणला गेली. परदेशी मोटारकंपन्या आल्या, त्यांच्या मागं सुटे भाग करणारे शेकडो कारखाने आले. कळंब, मंचर, नारायणगाव, जुन्नर इकडच्या पोरांना वाटलं, कारखाना दारात आला. आयटीआय केलं, फिटर झालो, वेल्डर झालो, आता परमनंट होणार.

पण गेटवर गेलो तर कंपनी भेटतच नाही. भेटतो ठेकेदार.

हा ठेकेदार कोण? जरा त्याच्या घराची वाट धरा. एमआयडीसी आली तेव्हा जमीन गेली ती सातबारावाल्याची. मोबदला त्याला, प्रकल्पग्रस्ताचा दाखला त्याला. त्याच जमिनीवर ज्या बाईनं वीस वर्षं खुरपलं, तिचं नाव सातबाऱ्यावर नव्हतं, तर तिला काय? काही नाही. तिची रोजी गेली ती कुठल्याच वहीत नाही. आपल्याकडं जी थोडी वतनाची जमीन होती तिच्यावर तर सगळ्यांचाच डोळा. २०२५ साली पुण्यातल्या मुंढव्याच्या महार वतनाच्या जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला, तो तुम्ही पाहिलाच. तर मोबदल्याचा पैसा ज्यांच्या हातात आला त्यांनी गाड्या घेतल्या, जेसीबी घेतले, आणि पुढाऱ्याच्या वशिल्यानं कंपनीत ठेके घेतले. लेबरचा ठेका, भंगाराचा ठेका, कँटीनचा ठेका, गाड्यांचा ठेका. काल ज्याच्या बांधावर आई उभी होती, आज त्याच्याच हजेरी वहीत पोराचं नाव आहे.

मित्रांनो, हेच मला ओरडून सांगायचंय. सरकारी भरतीच्या नोंदवहीनं गावगाड्याला गेटबाहेर उभं केलं होतं. ठेकेदारीनं तोच गावगाडा गेटवर आणून बसवला. पाटलाचा वाडा आता सिमेंटचा झालाय आणि त्यावर लेबर सप्लायर अशी पाटी आहे. सात महिन्यांनी ब्रेक देणं म्हणजे नवी येसकर पाळी. प्रेसवर बोट गेलं तर कंपनी म्हणते हा आमचा माणूस नाही, ठेकेदार म्हणतो हा कालच लागला. पूर्वी निदान बलुतं मागायला एक दार ठरलेलं होतं. आता दारच नाही.

कायदा नाही का? आहे ना. १९७० साली कंत्राटी कामगारांचा कायदा झाला. बारमाही कामात कंत्राटदारी बंद करायचा अधिकार त्यानं सरकारला दिला. २००१ साली सुप्रीम कोर्टानं पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटदारी बंद केली तरी कामगार आपोआप कंपनीचा होत नाही. २०२० साली संसदेनं जुने कामगार कायदे गुंडाळून संहिता केल्या आणि कंत्राटी कामगारांच्या तरतुदींसाठी जी वीस माणसांची अट होती ती पन्नासावर नेली. म्हणजे एकोणपन्नास माणसं ठेवणारा ठेकेदार त्यातून मोकळा. एकाचे दोन ठेके करायला कितीसा वेळ लागतो?

पंगतीला उत्तर

साहेब, तुमचं उत्पादन वाढलं. सत्तर वर्षं वाढतंय. जात कुठं विरघळली ते जरा दाखवा. तुमच्याच कारखान्यात कोणत्या जातीची माणसं संडास धुतात आणि कोणत्या जातीची माणसं मॅनेजर आहेत, एवढी एकच यादी गेटवर लावा. लावता? १९७५ च्या जपानी कंपन्या यादी विकत घेत होत्या, तुम्ही फुकट छापून द्या.

कॉम्रेड, तुमच्याशी आमचं वैर नाही. संपात आपण खांद्याला खांदा लावू. पण १९२८ चा धोटा विसरून एकी होत नाही. कंत्राटी कामगारांत आमची माणसं किती, परमनंटच्या युनियनमध्ये किती, आणि युनियनच्या कमिटीत किती? परमनंटचं ॲग्रीमेंट झालं की पेढे वाटता, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या कंत्राटी पोराचं काय ठरलं ते कुणी विचारलं?

आणि आपल्यातल्या शहाण्यांनो, २००५ साली आपल्या पुण्यातच दलित उद्योजकांचं चेंबर निघालं. आपला माणूस मालक होतो याचा आम्हाला आनंदच आहे. होऊ द्या अजून हजार. पण लाखो पोरं गेटबाहेर उभी असताना शंभर मालकांच्या तसबिरी दाखवून त्यांना गप्प करू नका. शिवाय तुमच्या स्वतःच्या कारखान्यात कामगार परमनंट आहे की कंत्राटी, हे आम्ही विचारणारच. मालक जयभीमवाला आहे म्हणून ठेकेदारी गोड होत नाही.

चौथा एक गट आहे, त्यालाही सोडता येत नाही. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत तिशी उलटेपर्यंत बसणारा आणि कारखान्याला हलकं समजणारा. सरकारी नोकरी घ्या, जरूर घ्या, ती आपल्या हक्काची आहे. पण सरकारी खात्यांतही आता ठेकेदार घुसलाय. ज्या दारावर सगळी रांग लावलीत ते दार दरवर्षी अरुंद होतंय. आणि हातात पाना धरणं हलकं कधीपासून झालं? जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख वाचा. दोन हजार वर्षांपूर्वी तिथं बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींची नावं कोरलेली आहेत. संघाला दिलेली दानाची ठेव लोक या कारागिरांच्या श्रेणीत ठेवत होते. हातानं काम करणारा तेव्हा बुद्धाच्या दारात पतवाला होता. हाताच्या कामाला विटाळ चिकटवला तो मनूनं. तो आपण आपल्याच हातानं पुन्हा चिकटवू नये.

मग करायचं काय

गावाकडं परत फिरायचं नाही. यंत्राशी भांडायचं नाही. भांडायचं गेटवर. आणि गेटवर भांडायला आपल्या हातात अगदीच काही नाही असं नाही.

एक. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा काढा. १९७३ साली त्यात कलम ३ अ घातलं गेलं. मालकानं शिकाऊ उमेदवारांच्या जागांत अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखायच्या, आणि हे खाजगी मालकालाही लागू. ऐकलंत का? खाजगी कारखान्यात राखीव जागा घटनेत बसत नाहीत म्हणून बोंबलणाऱ्यांच्या नाकाखाली पन्नास वर्षांपासून हे कलम पडून आहे. त्याच कायद्यात शिकाऊ उमेदवाराला पुढं नोकरी द्यायची सक्ती मालकावर नाही, ही पळवाटही आहे. ती पळवाट बुजवा ही आपली मागणी. पण आधी राखीव जागा भरल्या का ते तरी विचारू. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी कार्यालयात अर्ज टाका. चाकण, भोसरी, पिंपरीच्या प्रत्येक मोठ्या कारखान्यात गेल्या पाच वर्षांत किती शिकाऊ घेतले, त्यात आपले किती, ते लेखी मागा. एका तालुक्यातून दहा पोरांनी दहा अर्ज टाकले तरी कपाटं हलतील.

दोन. एमआयडीसीचा भूखंड मालकाच्या बापाचा नाही. तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिलेला असतो. जमीन महामंडळाची, पाणी सरकारी, रस्ता सरकारी, करात सवलती सरकारी. आणि सवलत देताना ८० टक्के जागा भूमिपुत्रांना द्या अशी अट सरकार घालतच आलंय. म्हणजे मालकाला अट घालता येते हे सरकारला मान्य आहे! मग भूमिपुत्र म्हणजे कोण? ज्याला भूमीच नाही तो कुणाचा पुत्र? त्या ऐंशी टक्क्यांत अनुसूचित जाती, जमाती, भटके यांचा हिस्सा किती, हे भाडेपट्ट्यात आणि सवलतीच्या करारात लिहून घ्या. नाही पाळलं तर सवलत काढा.

तीन. जे काम वर्षभर चालतं तिथं ठेकेदार नको. झाडूकाम, कँटीन, माल भरणं ही कामं कंपनीची म्हणून मोजली पाहिजेत, कारण तिथंच आपली माणसं कोंबलेली आहेत.

चार. जमीन संपादनात सातबारावाल्याबरोबर त्या जमिनीवर मजुरी करणाऱ्याचीही यादी झाली पाहिजे. रोजी गेली तिचाही दाखला निघाला पाहिजे.

पाच. कंत्राटी कामगारांची जातवार, खातेवार पाहणी आपण स्वतः करायची. सरकारची वाट बघू नका. प्रत्येक गावातून कोण कुठल्या कारखान्यात, कुठल्या खात्यात, किती वर्षं, किती ब्रेक, काय पगार, अपघात झाला का, एवढंच वहीत लिहा. कारखान्याची आणि पोराची नावं बाहेर फुटू देऊ नका, पोटावर पाय येईल. आकडे मात्र गावोगाव एकत्र करा. आपली अशी एक नोंदवही तयार झाली तर ती कोर्टात चालेल, विधानसभेत चालेल, युनियनच्या मीटिंगमध्येही चालेल.

चौदा एप्रिलला डीजे लावणाऱ्या मंडळांना माझं एक सांगणं आहे. डीजेच्या अर्ध्या पैशात तालुक्याची ही वही छापून होते. बाबासाहेबांचा जयजयकार करताना त्यांच्या हातात घटना दिसते, ते बरोबरच आहे. पण याच माणसानं देशाला वीज मागितली होती, कारखाना मागितला होता आणि कामगाराचे आठ तास मागितले होते, हेही पोरांना सांगा.

तेजी पुन्हा येईल. चाकण भरलं की कारखाने आणखी वर सरकतील. उद्या कळंबच्या शिवारातही भोंगा वाजेल. त्या दिवशी गेटवर कोण बसलेलं असेल, ठेकेदार की घटना, हे ठरवायची वेळ तेव्हाची नाही, आजची आहे.

अर्ज लिहा. वही उघडा. गेटवर भेटू.

जय भीम.